डिपॉझिट भरेपर्यंत भावाला आत घेतलं नाही. उपचार हा हक्क असेल तर तो मागायचा कोणाकडे?

कांदाचाळ (प्रश्न)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहितेय पहिल्यांदा. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचं गाव नगर-नाशिकच्या हद्दीवर. कांदा, बाजरी, पाणी असेल त्या वर्षी मका. गेल्या श्रावणातली गोष्ट. चाळीत कांदा भरलेला होता आणि चोऱ्या होत होत्या, म्हणून घरातलं कोणीतरी रोज चाळीवर झोपायला जायचं. त्या रात्री माझा धाकटा भाऊ गेला होता, वय २६. खाली पोतं आणि त्यावर गोधडी. पहाटे तीनच्या सुमाराला तो घरी आला, पोटात कळ येतेय म्हणाला. आईला वाटलं पित्त झालं असेल, तिने ओवा-मीठ दिलं. चार वाजता म्हणाला, "आई, मला दोन-दोन दिसतंय." पापण्या खाली यायला लागल्या होत्या, बोटाने वर उचलून बघत होता. अंगावर सूज नाही, चावल्याची खूण नाही. चुलते बॅटरी घेऊन चाळीवर गेले आणि गोधडी झटकली, तर पोत्याखाली मण्यार. काळी, पांढऱ्या पट्ट्यांची.

आरोग्य केंद्र सहा किलोमीटरवर आहे. मोटारसायकलवर मध्ये भाऊ, मागे त्याला धरून मी. डॉक्टर क्वार्टरमध्येच होते, बंधपत्रावर (शिकल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) आलेला तरुण मुलगा. त्याने डोळ्यांत टॉर्च मारला आणि भावाला म्हणाला, एका दमात किती आकडे मोजता येतात ते मोज. भाऊ अकरापर्यंत गेला. लगेच दहा कुप्या लस सलाइनमधून सुरू केली. अर्ध्या तासाने परत मोजायला लावलं, तेव्हा सातवर दम संपला. त्या मुलाचा चेहरा बघूनच मला कळलं. त्याने १०८ बोलावली. ग्रामीण रुग्णालयात व्हेंटिलेटर नाही. जिल्हा रुग्णालयात त्याने स्वतः फोन लावला, तिकडून उत्तर आलं, बेड रिकामा नाही. मग शहरातल्या एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलला न्यायचं ठरलं, कारण तेच जवळ होतं.

रस्त्यात भावाचा श्वास थांबला. गाडीतल्या डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि रबरी फुगा हाताने दाबत राहिले. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते.

तिथली पुढची पंचवीस मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. स्ट्रेचर कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये. काचेची खिडकी, काचेला खाली हात जाईल एवढी फट. आतला माणूस म्हणाला, "व्हेंटिलेटरची केस आहे. पन्नास हजार भरा, मग फाइल उघडतो." मी म्हटलं, दादा, तो श्वाससुद्धा स्वतः घेत नाहीये, ते बघा हाताने चाललंय. तो म्हणाला, "मला कळतंय ताई, पण सिस्टिम पुढे जात नाही." मागे वळून बघितलं तर १०८चे डॉक्टर फुगा दाबायचा हात बदलत होते. उजवा दुखला की डावा, डावा दुखला की उजवा. घाम पुसायला त्यांना तिसरा हात नव्हता.

आमच्या आडत्याने फोनपेवर तीस हजार टाकले. मालकांनी (मिस्टरांनी) बारा जमवले, चुलत्यांनी आठ दिले. पावती निघाली आणि दार उघडलं.

भाऊ पाच दिवस व्हेंटिलेटरवर होता, नवव्या दिवशी घरी आला. आता ठणठणीत आहे. आत गेल्यावर तिथल्या डॉक्टर-नर्सनी जे केलं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट जन्मभर आठवण ठेवीन. बिल एकूण १ लाख ८६ हजार झालं. आडत्याचे पैसे आता कांद्याच्या पट्टीतून कापले जातील, बाकीचे सोसायटी आणि सोनं. आमचं रेशनकार्ड केशरी आहे. सरकारी आरोग्य योजनेचं आम्हाला कोणी काही विचारलं नाही, आणि त्या वेळी आम्हालाही सुचलं नाही.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "तायडे, मला सगळं ऐकू येत होतं. पापणी उचलता येत नव्हती, बोट हलवता येत नव्हतं, पण तो माणूस पन्नास हजार म्हणाला तेही ऐकलं आणि तू रडली तेही."

आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलंय, 'आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क आहे'. मला खरंच विचारायचंय, हे कुठे लिहिलेलं आहे? कायद्यात आहे का? असेल तर त्या खिडकीवर मी काय म्हणायला हवं होतं? आणि आता काही करता येईल का?

पांदणरस्ता

ताई, भाऊ वाचला हे मोठं. पण असा कायदा वगैरे काही नाही. माझ्या वडिलांच्या वेळी मीही खूप फिरलो. खासगी हॉस्पिटल म्हटलं की पैसे आधी. त्यांनाही पगार द्यायचे असतात. मनस्ताप करून घेऊ नका.

निवृत्त समाजसेवा अधीक्षक

ताई, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. वरच्या भावांना दोष देत नाही, त्यांना जो अनुभव आला तो त्यांनी लिहिला. पण 'असं काही नाही' हे बरोबर नाही, आणि ते खोडून काढण्यासाठीच लिहायला बसलोय.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होतो, ३१ वर्षं. हे पद बऱ्याच लोकांना माहीत नसतं. बेवारस पेशंटचे नातेवाईक शोधणं, औषधाला पैसे नसतील तर ट्रस्टांची दारं ठोठावणं, योजनेची कागदं, हेच आमचं काम. माझ्या टेबलापुढे जो माणूस बसायचा त्याचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असायचं, "साहेब, उपकार करा." मी खुर्ची पुढे सरकवायचो आणि म्हणायचो, उपकार नाही, बसा, कागद दाखवा. एकतीस वर्षांत या वाक्याची सवय मला झाली नाही.

आधी तुमच्या भिंतीवरच्या वाक्याचं बघू. संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या भागात 'आरोग्याचा हक्क' असे शब्द तुम्हाला सापडणार नाहीत. कलम ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य म्हटलंय, पण तो मार्गदर्शक तत्त्वांचा भाग. थेट त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. हक्क आला तो कलम २१ मधून, म्हणजे जीविताच्या हक्कातून, आणि तो कोर्टाने खुलासा करत करत आणला. १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमी माणूस समोर आला की त्याचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो की खासगी. पोलिसांचे कागद नंतर.

पण तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर देणारा निकाल १९९६ चा आहे, आणि तो मला तोंडपाठ आहे, कारण नव्या मुलांना मी तो दरवर्षी सांगायचो. बंगालमधला हकीम शेख नावाचा माणूस, शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद. ८ जुलै १९९२ ला संध्याकाळी मथुरापूर स्टेशनवर तो रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. आरोग्य केंद्रात नेलं, तिथे सोय नव्हती. मग रात्रभर कलकत्त्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालयं. कुठे बेड नाही, कुठे यंत्र नाही. एका ठिकाणी तर ताबडतोब दाखल करा असं लिहून दिलं आणि वर सांगितलं, आमच्याकडे जागा नाही. शेवटी खासगी रुग्णालयात गेला, सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितलं, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा कलम २१ चा भंग आहे. २५ हजार भरपाई द्यायला लावली. आणि पैसे नाहीत हे कारण सरकारला सांगता येणार नाही, हे स्पष्ट लिहिलं. कुठल्या रुग्णालयात बेड रिकामा आहे हे कळण्यासाठी एकत्र संपर्क यंत्रणा असावी, असंही त्याच निकालात आहे. तुमच्या आरोग्य केंद्रातला तो मुलगा फोन लावत बसला होता ना, त्याची सोय १९९६ मध्येच सांगून झाली होती.

आता खिडकीचं. तुम्ही म्हणता ट्रस्टचं हॉस्पिटल. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१ कक आहे. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. त्यासाठी प्रत्येक बिलातले २ टक्के एका वेगळ्या निधीत टाकायचे असतात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढवत नेली, निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. आणि याच योजनेत हेही आहे: तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करायचं, धोक्याबाहेर येईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि डिपॉझिट मागायचं नाही. इथे उत्पन्नाचा दाखला आधी लागत नाही. तो नंतर.

म्हणजे खिडकीवर म्हणायचं होतं ते एवढंच: "ही तातडीची केस आहे, हे धर्मादाय रुग्णालय आहे, डिपॉझिट मागता येत नाही. तुमच्या समाजसेवकांना बोलवा." पण भाऊ डोळ्यांसमोर तसा पडलेला असताना कोणत्या बहिणीला कलम सुचेल? ते तिथल्या माणसाला माहीत असायला हवं होतं, तुम्हाला नाही. त्याला म्हणूनच पगार मिळतो.

आता काय करता येईल. घाईने तक्रार लिहू नका, आधी चार कागद गोळा करा. आरोग्य केंद्राची संदर्भ चिठ्ठी (पुढे पाठवल्याची), तिच्यावर वेळ असते. १०८च्या फेरीची नोंद, तिच्यात हॉस्पिटलला पोचल्याची वेळ असते. डिपॉझिटची पावती, हल्ली पावत्या कॉम्प्युटरवर निघतात, खाली बारीक अक्षरात तास-मिनिटं छापलेली असतात. आणि केसपेपरवरची दाखल केल्याची वेळ. या चार वेळा एका कागदावर खालोखाल लिहा. पोचलो ६.४५, पावती ७.०८, दाखल ७.१० असं काही निघालं तर वेगळा साक्षीदार लागत नाही. पैसे आधी घेतले आणि माणूस मागून, हे त्यांचाच छापील कागद सांगेल.

त्याबरोबर तपशीलवार बिल मागा, ते मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा. मग तुमच्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात (ट्रस्टांवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय) लेखी अर्ज द्या. दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा: डिपॉझिट घेतल्याबद्दल चौकशी, आणि निधीतून बिलाची सवलत. जिल्हा रुग्णालयाचं काय, ते माहितीच्या अधिकारात विचारा. त्या रात्री व्हेंटिलेटर किती होते, त्यातले चालू किती, किती पेशंट लावलेले. खरंच सगळे भरलेले असतील तर निदान ते कागदावर येईल, आणि पुढच्या वेळी मागणी करायला आधार होईल.

अर्ज लिहिलात की नाव-गाव काढून इथे टाका. बघून देतो.

बारा खाटांचा दवाखाना

मी डॉक्टर आहे. तालुक्याच्या गावी २२ वर्षं स्वतःचा १२ खाटांचा दवाखाना चालवतो. दुसरी बाजू मांडायला आलोय, पण आधी एक सांगतो. आरोग्य केंद्रातल्या त्या मुलाने जे केलं ते अगदी बरोबर केलं. पोटात दुखणं, पापण्या पडणं, अंगावर खूण नाही, पावसाळा, जमिनीवर झोपणं. एवढ्यावरून मण्यार ओळखली. अनेक जण पित्ताची गोळी देऊन घरी पाठवतात आणि सकाळी माणूस अंथरुणात गेलेला असतो.

आपली लस चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. पण मण्यारीचं विष नसेच्या टोकाशी एकदा बसलं की लस ते मागे फिरवू शकत नाही. नस आपली आपण सुधारेपर्यंत श्वास चालू ठेवायचा, हाच उपचार. काही दिवस श्वास दिला तर माणूस पूर्ण बरा होतो, उठून कामाला जातो. म्हणून त्या पॅसेजमधल्या पंचवीस मिनिटांचं वाचून जास्त वाईट वाटलं. १०८च्या डॉक्टरांचा हात जरा लवकर थकला असता तर वाचू शकणारा माणूस गेला असता.

माझ्याकडे व्हेंटिलेटर नाही. काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली, गाडी मिळायला चार तास गेले. चार तास मी, माझी नर्स आणि मुलीचे दोन मामा पाळीपाळीने फुगा दाबत होतो. मामांना मी ताल शिकवला: दाब, सोड, मनात तीन मोज, परत दाब. मुलगी वाचली. त्यांच्याकडून मी काही घेतलं नाही, घेता आलंही नसतं.

आता माझा मुद्दा. हक्क म्हटला की तो कोणीतरी पुरवावा लागतो. माझ्यासारख्याने मोफत करायचं आणि सरकारने टाळ्या वाजवायच्या, हे चालत नाही. मी एका योजनेत होतो. पैसे नऊ महिन्यांनी आले, तेही कापून. नर्सचा पगार मी नऊ महिने थांबवू शकत नाही, शेवटी बाहेर पडलो. वर पेशंट दगावला की काचा फुटतात. २०१० चा डॉक्टर संरक्षण कायदा आहे, तरी.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, देशातला पहिला. तातडीचे उपचार आधी पैसे न घेता द्यायचे, पेशंट देऊ शकला नाही तर सरकार भरेल. तिथले खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, कारण सरकार कधी भरेल, किती भरेल, याचा भरवसा नव्हता. शेवटी एप्रिलमध्ये समझोता झाला. पन्नासपेक्षा कमी खाटांची रुग्णालयं आणि सरकारी जमीन-सवलत न घेतलेली रुग्णालयं बाहेर ठेवायचं ठरलं. त्या संपाचे मार्ग मला सगळेच पटले नाहीत, पण ही विभागणी पटते. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयाला करसवलत मिळते, पुष्कळ ठिकाणी जमीन मिळते. त्यांनी तातडीचा पेशंट नाकारणं आणि माझ्या बारा खाटांच्या दवाखान्याने पैसे मागणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

निवृत्त समाजसेवा अधीक्षक

डॉक्टरसाहेब, तुमच्या त्या दोन मामांना आणि तुम्हाला नमस्कार.

तुमचा मुद्दा मान्य आहे, आणि तो माझ्या मुद्द्याच्या विरोधात नाही. हक्क पुरवायची पहिली जबाबदारी सरकारची, म्हणूनच हकीम शेखची भरपाई खासगी रुग्णालयाला नाही, सरकारला भरावी लागली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं होतं. तो तिथवर गेला असता तर ताईंना त्या खिडकीपर्यंत जायची वेळच आली नसती. पण सरकार कमी पडलं म्हणून दाराशी आलेल्या माणसाचा श्वास थांबवून ठेवता येत नाही. श्वास आधी, पैशाचं भांडण मागून. या क्रमापुरता मी हट्टी आहे आणि राहीन.

एक राहिलं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे, संरक्षण ५ लाखांपर्यंत वाढवलंय. ती ठरावीक उपचारांसाठी आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालते, म्हणून दाखल होताक्षणी 'आरोग्यमित्र (रुग्णालयातले योजनेचे मदतनीस) कुठे बसतात' हे विचारायचं. टेबल नसेल तर १५५३८८ ला फोन करायचा. डिस्चार्ज झाल्यावर ती वाट बहुधा बंद होते.

आशा_डोंगरपट्टी

मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती आहे, सह्याद्रीच्या कडेला. तुम्ही सगळे कोर्टाचं लिहिताय, चांगलंय, मी सगळं वाचून काढलं. पण आमच्याकडचं वेगळं आहे.

आमच्याकडे आदिवासी भागाच्या हिशोबाने वीस हजार लोकांमागे एक आरोग्य केंद्र आहे. आकडा बरोबर, पण मध्ये ओढा आहे. गेल्या वर्षी पावसात एका बाईला पान लागलं (आम्ही साप चावला असं म्हणत नाही, नाव घेत नाहीत). माणसं भगताकडे निघाली होती. मी आडवी झाले. म्हटलं, भगताला इथे बोलवा, मंत्र म्हणू दे, पण बाई झोळीत घाला आणि चालायला लागा, तोही बरोबर येऊ दे. तो आला. ओढ्यात कंबरभर पाणी, झोळीचा एक दांडा त्यानेच धरला. केंद्रात लस होती. बाई आज माझ्या शेजारी भात लावतेय.

लस नसती तर? त्या दिवशी तिचा हक्क म्हणजे फ्रिजमधल्या त्या कुप्या आणि लाइट गेल्यावर त्या जपणारी सिस्टर. महिन्याच्या मीटिंगला मी आता पहिला प्रश्न तोच विचारते, कुप्या किती शिल्लक? पावसाळ्याआधी आपल्या केंद्रात जाऊन तुम्हीही विचारा, ग्रामसभेतही विचारा. कोणी रागावत नाही, रागावलं तरी विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे नाहीत, हे सांगून सांगून माझा घसा बसतो. म्हाताऱ्या बाया अजून पदराला दहाची नोट बांधून येतात.

आम्हा आशांना पगार नाही, कामावर मोबदला मिळतो. २०२३ मध्ये दिवाळीच्या तोंडावर संप केला तेव्हा लोक म्हणाले, तुम्ही सेवा करता, पैशाचं काय काढलं. माझ्या घरचं कोणी आजारी पडलं तर मीही त्याच खिडकीपुढे उभी राहणार आहे ना.

कांदाचाळताई, भावाला सांगा, चाळीवर बाज न्या. मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. मण्यार रात्री फिरते आणि खाली झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. वर चढायच्या भानगडीत सहसा पडत नाही. आणि देव न करो पण परत कोणाला लागलं तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. हात-पाय हलू देऊ नका आणि निघा.

कांदाचाळ

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आशाताई, बाज घेतली. आठवडी बाजारातून नायलॉनच्या पट्ट्यांची आणली, मच्छरदाणीही लावली.

काका, तुम्ही सांगितलं तसे कागद जमवले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीची प्रत लगेच दिली, १०८ची नोंद मिळायला तीन आठवडे गेले. चारही वेळा एकाखाली एक लिहिल्या. पोचलो ६.४४. पावती ७.०६. दाखल ७.०९. हा कागद मी मालकांना दाखवला, ते काही बोलले नाहीत, घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर तहसीलला आले. दाखला मिळाला, वर्षाचं उत्पन्न ९६ हजार.

अर्ज मी असा लिहिलाय: 'मी एक गरीब शेतकरी महिला असून माझ्या भावास सर्पदंश झाला होता. तरी मेहेरबान साहेबांनी आमच्यावर कृपा करून बिलात काही मदत मिळवून द्यावी ही नम्र विनंती.' पुढे सगळी हकीकत आणि वेळा. बरोबर आहे का?

निवृत्त समाजसेवा अधीक्षक

हकीकत उत्तम. वेळांचा तक्ता वर घ्या, पहिल्याच पानावर.

पहिली दोन वाक्यं मात्र काढा. त्याऐवजी असं लिहा: 'माझा भाऊ श्वास बंद पडलेल्या अवस्थेत ६.४४ वाजता आपल्या अखत्यारीतील धर्मादाय रुग्णालयात पोचला. योजनेनुसार त्यास डिपॉझिट न मागता तात्काळ दाखल करून घेणे बंधनकारक होते. त्याऐवजी ५० हजार रुपये भरून घेतल्यावर त्यास दाखल करण्यात आले. याची चौकशी व्हावी. तसेच आमचे उत्पन्न निर्धन रुग्णाच्या मर्यादेत असल्याने बिलाची रक्कम निधीतून परत मिळावी, अशी मागणी आहे.'

'कृपा' नाही, 'मेहेरबान' नाही, 'गरीब' हा शब्दही नको. उत्पन्नाचा दाखला जोडलाय, तो पुरेसा आहे. शेवटी 'आपली नम्र' चालेल. १०८च्या डॉक्टरांनी किती वेळ हाताने श्वास दिला हे एका वाक्यात जरूर लिहा. परतावा पूर्ण मिळेलच असं मी सांगत नाही, डिस्चार्जनंतरच्या अर्जांना वेळ लागतो आणि वाद होतात. पण चौकशीची मागणी त्यांना नाकारता येणार नाही. दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

कांदाचाळ

दिला काका. शिक्का घेतला. तिथल्या बाईंनी वेळांचा तक्ता वाचला, परत वाचला आणि मला बसायला सांगितलं. पुढच्या महिन्याची १४ तारीख मिळालीये, हॉस्पिटललाही बोलावणार आहेत. भाऊ म्हणतो मीपण येतो, मी ऐकलेलं मीच सांगणार.

त्या दिवशी मूळ पावती न्यायची की झेरॉक्स?

निवृत्त समाजसेवा अधीक्षक

मूळ दाखवायची, झेरॉक्स द्यायची. मूळ हातातून सोडायची नाही. भावाला नक्की न्या.